नाटकाचे आवाज आणि संगीत घरीच करायचंय. सहा हजारांत कुठलं सॉफ्टवेअर?

रहाटगाडगं (रविवार, रात्री ११.१०)

मंडळी, नमस्कार. चिपळूणला आमचा दहा-बारा जणांचा हौशी ग्रुप आहे. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत रत्नागिरी केंद्रावर दोन अंकी नाटक करतोय. गेली तीन वर्षं पार्श्वसंगीत एक ओळखीचे गृहस्थ करून द्यायचे, ते आता पुण्याला गेले. दुसऱ्या एकाला विचारलं तर त्याने सांगितलेल्या आकड्यात आमचं नेपथ्य आणि टेम्पो दोन्ही निघतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, तर मी शाळेत असताना पेटी वाजवायचो आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. एवढ्या पात्रतेवर काम गळ्यात पडलंय.

हवंय ते असं. कोकणातलं जुनं घर, मागे विहीर. रहाटाचा आवाज नाटकात सात वेळा येतो, आणि सातव्यांदा येतो तेव्हा तो कुणी ओढत नसतं (यापुढे कथा फोडत नाही). कौलांवरचा पाऊस, रातकिडे, लांबून जाणारी एसटी, करकरणारं दार. वारलेल्या आजीचा आवाज चार ठिकाणी. शिवाय पेटीवरची एक धून, ती पुढे पुढे बदलत जाते.

लॅपटॉप विंडोजचा, आय थ्री, ८ जीबी रॅम. ग्रुपने ६००० रुपये मंजूर केलेत, खजिनदाराच्या चेहऱ्यावरून त्यातलेही परत यावेत अशी अपेक्षा दिसते. यूट्यूबवर बघायला बसलो तर जो तो वेगळंच नाव घेतो आणि मागे जांभळा दिवा लावून बसलेला असतो. कुणीतरी सरळ सांगा.


काळी_पाच (रविवार, रात्री ११.४८)

सरळ सांगतो: रीपर.

६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. पण आज एक पैसाही देऊ नका. ६० दिवस ते पूर्ण चालतं, कुठलंही बटण कुलूपबंद नाही. त्यानंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना 'आता घ्या की' म्हणून काही सेकंद थांबवतं. तुमची तालीम तेवढ्यात संपेल, मग पटलं तर पैसे द्या. हा ६० डॉलरचा परवाना वैयक्तिक वापरासाठी आणि वर्षाला २० हजार डॉलरच्या आत उलाढाल असलेल्यांसाठी आहे, त्यावर गेलात तर २२५ चा. हौशी ग्रुप २० हजार डॉलर कमवायला लागला तर आम्हालाही घ्या नाटकात.

सात नंबरची आवृत्ती घेतलीत तर आठ संपेपर्यंतचे सगळे अपडेट त्यातच. ज्या जस्टिन फ्रँकेलने विनॅम्प केलं त्याच्याच कंपनीचं हे. इन्स्टॉलर इतका लहान आहे की आधी मला वाटलं डाउनलोड अर्धवट तुटलं. आय थ्रीवर आरामात चालेल.

दोष पण ऐका. दिसायला तहसीलदार कचेरीतल्या फॉर्मसारखं आहे. आणि वाद्यं जवळपास काही नाहीत सोबत. इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब (घुमारा) सगळं आहे, पण पियानो हवा, व्हायोलिन हवं तर ते बाहेरून फुकट आणून जोडायचं. तुमचं काम पेटी आणि आवाजांचं असल्याने फारसं अडणार नाही.


चिंचगुळाची_आमटी (सोमवार, सकाळी ७.०२)

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. लेकीला रीलसाठी हवंच होतं.


अनुस्वार (सोमवार, सकाळी ९.१५)

रीपरवाले कुठल्याही धाग्यावर बारा तासांच्या आत येतात असा नियमच आहे, इथे अडतीस मिनिटं लागली.

अहो, या गृहस्थांना रहाट आणि पाऊस हवाय. ऑडॅसिटी घ्या, फुकट, मुक्त स्रोत, पंचवीस वर्षं टिकलेलं. कापा, जोडा, मंद करा, खोलीची घरघर काढा, सगळं होतं. 'ऑडॅसिटीत एकदा इफेक्ट लावला की परत फिरता येत नाही' हे तुणतुणं आता जुनं झालं. २०२२ मधल्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट वाजता वाजता बदलता येतात. २०२१ मध्ये म्यूज ग्रुपने घेतलं तेव्हा प्रायव्हसी पॉलिसीवरून गदारोळ झाला होता, मीही त्यात ओरडलो होतो, आणि आजही तेच वापरतो.

सहाच्या सहा हजार वाचवा आणि माइक घ्या. वाईट आवाज उत्तम सॉफ्टवेअरमध्ये घातला तर तो सुबकपणे वाईट ऐकू येतो.


काळी_पाच (सोमवार, सकाळी ९.५२)

माइकचं शंभर टक्के मान्य. ऑडॅसिटीचं अर्धं मान्य.

एक आवाज साफ करायला ऑडॅसिटीच बरी, मीही तिथेच करतो. पण नाटकाचं काम एका आवाजाचं नसतं. तालमीत दिग्दर्शक म्हणणार, 'पाऊस राहू दे, रातकिडे काढ, रहाट अजून दोन सेकंदांनी येऊ दे, आणि तिसऱ्या प्रवेशातला कालचाच बरा होता.' हे रोज होणार. रीपरमध्ये एकाच फाइलमध्ये सातही रहाट ओळीने मांडून प्रत्येकाला नाव देता येतं, आणि एका फटक्यात सात वेगळ्या फाइली त्याच नावांनी बाहेर काढता येतात. एक बदलला की पुन्हा एक फटका.


पिंगा (सोमवार, दुपारी १.३०)

भाचा एफएल स्टुडिओ वापरतो, बीट्स बनवायला खरंच भारी आहे. बेल्जियमची कंपनी, एकदा घेतलं की जन्मभर अपडेट फुकट, हा त्यांचा शब्द त्यांनी आजवर पाळलाय. पण रहाटकाका, एक खड्डा दाखवून ठेवते. सर्वांत स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये तुम्हाला माइकवरून पेटी रेकॉर्ड करून मांडता येत नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर एडिशन लागते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आम्ही स्वस्त घेतलं आणि भाच्याच्या वाढदिवशी घरात सुतक. ट्रायलमध्ये फाइल सेव्ह होते पण विकत घेईपर्यंत परत उघडत नाही, हे पण त्याच आठवड्यात कळलं.

एलएमएमएस नावाचं फुकटचं आहे साधारण तसंच, पण त्यातही माइकवरून रेकॉर्डिंग नाही. संगणकातच सगळं वाजवणाऱ्यांसाठी ठीक.


बिनधास्त_बाळू (सोमवार, दुपारी ३.१२)

कशाला डोकं लावता. क्यूबेस, कॉन्टॅक्ट, सगळं क्रॅक केलेलं माझ्याकडे आहे, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पाठवून द्या फक्त. नाटकवाले आहात म्हणून फुकट.


खारे_दाणे (सोमवार, दुपारी ४.४०)

बाळूशेठ, तो पेनड्राइव्ह माझ्याकडे सात वर्षांपूर्वी येऊन गेला. तुमचा नव्हे, पण त्याचाच चुलतभाऊ. ओळखीच्या एका दुकानातून दीडशे रुपयांत 'ऑल प्लगइन' भरून आणला. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा अशी चिठ्ठी होती, मी केला. चौथ्या दिवशी मेहुणीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि दोन एकांकिकांची गाणी अनोळखी शेपटीच्या फाइली झाल्या, आणि पैसे मागणारा इंग्रजी निरोप. पैसे दिले नाहीत, फोटो गेले. मेहुणी अजून विचारते.

फुकट हवं असेल तर कायदेशीर फुकटच इतकं आहे की चोरीला वेळ मिळू नये. सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर बनवणारं वाद्य) हवा तर व्हायटल किंवा सर्ज एक्सटी. तंतुवाद्यं, मऊ पियानो हवा तर स्पिटफायरचं लॅब्ज. आजीच्या आवाजाला विहिरीच्या तळातून आल्यासारखं करायचं असेल तर वल्हाला सुपरमॅसिव्ह, तेही फुकट, फक्त मिक्सचं बटण पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर आजी अंतराळात जाईल. केकवॉक पूर्वी हजारो रुपयांचं होतं, गिब्सनने २०१७ मध्ये बंद केलं, २०१८ मध्ये बँडलॅबने घेऊन फुकट करून टाकलं. आता ते सोनार नावाने मिळतं, त्यातही फुकटचा पर्याय आहे. मॅकवाल्यांना गॅरेजबँड बसल्या जागी. एवढ्यात एक अख्खं नाटक होतं.


रहाटगाडगं (सोमवार, रात्री १०.२०)

बाळूशेठ, आभार, पण नको. बाकीच्यांनो, रीपर उतरवून घेतलंय, ६० दिवस मोजायला सुरुवात. ऑडॅसिटीही ठेवलंय, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. झूम कंपनीचा हातात मावणारा रेकॉर्डर एका पत्रकार मित्राकडून उसना मिळाला, माइकचा खर्च तूर्त टळला.

पहिली अडचण पेटीची. धून रेकॉर्ड केली, छान आली. खाली लॅब्जमधले चेलो घातले तर दोघांचं जमतच नाही. सूर तोच, पट्टी तीच (काळी दोन), पण कानाला खडे लागतात.


तानपुरा_ताई (मंगळवार, सकाळी ६.२५)

पेटी जुनी आहे ना? मग ती ४४० च्या मापात असेल असं समजू नका. संगणकातली सगळी वाद्यं डीफॉल्टला मधला ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरून बसलेली असतात. रीपरमध्ये रीट्यून नावाचं साधन सोबतच येतं, त्यात पेटीचा एकच सूर लांबवून वाजवा, किती सेंट वर किंवा खाली आहे ते दिसेल. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. मग पेटीला हात लावायचा नाही, चेलोला तेवढं वर-खाली करायचं. पेटी खरी आहे, तिला ओढलंत की ती बेंजोसारखी होते.

आणखी एक. धून रूपकात (सात मात्रांचा ताल) आहे असं वाटतंय तुम्ही लिहिलंय त्यावरून (नसेल तर सोडून द्या). प्रोजेक्टची मात्रा ७/४ करा, नाहीतर चारच्या चौकटीत मात्रा मोजणारी क्लिक वाजत राहते आणि वाजवणारा चुकतो. तरी ते यंत्र पहिल्या मात्रेवर टणत्कार करतं, आणि रूपकात समेवर टाळी नाही, खाली असते! आमच्या तबलजींनी हेडफोन काढून ठेवले होते. शेवटी क्लिकचा पहिल्या मात्रेचा जोर काढून सगळ्या सारख्या केल्या तेव्हा वाजवले.

मींड हवी असेल आणि ती संगणकातल्या सतारीवर काढणार असाल तर पिच बेंडची (सूर ओढायची) मर्यादा आधी पाहा. बहुतेक ठिकाणी ती दोन अर्धस्वरांची असते. सा वरून मपर्यंत जायचं तर पाच लागतात. बारा करून ठेवा.


रहाटगाडगं (मंगळवार, रात्री ९.०५)

ताई, पेटी अठरा सेंट वर निघाली. आजोबांच्या वेळची. चेलो अठरा सेंट चढवले आणि खडे गेले. मला रडूच आलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. आणि हो, रूपकच. तुम्हाला कसं कळलं?


तानपुरा_ताई (मंगळवार, रात्री ९.३०)

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये रहाट सात वेळा येतो. बाकी अंदाज.


जुना_कॅसेटवाला (बुधवार, दुपारी १२.१५)

मी नाटकांना संगीत द्यायचो तेव्हा यातलं काही नव्हतं, तरी लिहितो, वय झालं की लिहावंसं वाटतं.

आमच्याकडे दोन डेक होते. एका आवाजाला एक कॅसेट, आणि सगळ्या कॅसेटी बुटाच्या खोक्यात क्रमाने. वाजली की मागे. पेन्सिलीने फिरवून आवाजाच्या बरोबर तोंडाशी आणून ठेवायची. गडगडाट विंगेत टांगलेल्या पत्र्याचा, तो हलवायला एक पोरगा. घोड्यासाठी करवंट्या, पण फरशीवर नव्हे, ओल्या वाळूच्या ताटात, तेव्हाच मातीत धावल्यासारखा वाटतो. पाऊस दोन तऱ्हेचा: पत्र्यावरचा हवा तर सुपात तांदूळ, अंगणातला हवा तर कढईत भजी. भज्यांचा पाऊस सर्वांत खरा यायचा आणि रेकॉर्डिंग संपल्यावर खाताही यायचा.

सांगायचं एवढंच, की रहाट शोधत फिरू नका. कान काय ओळखतो ते पाहा. रहाट म्हणजे कानाला लाकडाची कण्हणी, मग दोराचं घासणं, मग खालून पाणी. तीन वेगळे आवाज आणा, एकावर एक ठेवा.


कोडगा (बुधवार, दुपारी २.५०)

अवांतर, पण धागा चांगला चाललाय म्हणून इथेच विचारतो. मी मोबाइलवरचा छोटा गेम करतोय, गोट्यांचा. उडी, टक्कर, गोटी हरली, असे बारके आवाज हवेत. यासाठी रीपर म्हणजे मुंगीला तोफ नाही का?


खारे_दाणे (बुधवार, दुपारी ३.३०)

आहे. तुझ्यासाठी एसएफएक्सआर. २००७ मध्ये लुडम डेअर या गेम बनवण्याच्या शर्यतीसाठी एकाने केलं, कारण अठ्ठेचाळीस तासांत गेम करणाऱ्याला आवाज करायला वेळ कुठून? 'उडी', 'नाणं', 'स्फोट' अशी बटणं आहेत, दाबलं की दरवेळी नवा आवाज. बीएफएक्सआर हा त्याचाच मोठा भाऊ. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्त्याही आहेत. अट एकच, आवाज जुन्या टीव्ही गेमसारखे येतात. काचेची गोटी खरी वाजायला हवी असेल तर फरशीवर खऱ्या गोट्या टाक. आणि एकाच टकरीचे पाच-सहा नमुने घे, गेममध्ये आळीपाळीने वाजव. तोच आवाज चाळीसदा आला की लोक आवाज बंद करून खेळतात.


कोडगा (बुधवार, दुपारी ३.४१)

गोट्या आणायला चाललो.


अनुस्वार (गुरुवार, सकाळी १०.१०)

तयार आवाज कुणी घेणार असेल तर परवाना वाचा. फ्रीसाउंड २००५ पासून आहे, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत तंत्रज्ञान गटाने सुरू केलेलं (त्याच गटाने हिंदुस्थानी रागतालांवर मोठा संशोधन प्रकल्पही केला, ताईंना आवडेल). तिथे प्रत्येक आवाजाला वेगळा परवाना असतो. सीसी-झीरो असेल तर काहीही करा. नावासहित असेल तर श्रेय द्यावंच लागतं. अव्यावसायिक असेल तर तिकीट लावलेल्या प्रयोगाला तो घेऊ नये, हौशी असलात तरी. बीबीसीच्या संग्रहात हजारो आवाज उतरवून घेता येतात, पण तेही वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनापुरते. सॉनिस नावाची कंपनी गेमवाल्यांच्या परिषदेच्या निमित्ताने दरवर्षी मोठा गठ्ठा फुकट देते, तो व्यावसायिक कामालाही चालतो. कोडग्या, तुला ते.

श्रेय द्यायचे आवाज एका वहीत लिहून ठेवा. प्रयोगाच्या आदल्या रात्री आठवत नाही.


रहाटगाडगं (पुढचा सोमवार, रात्री ११.३०)

आठवडाभर गायब होतो, रहाट करत होतो. सविस्तर लिहितो.

कॅसेटवाले काका, तुमचं न ऐकता आधी खऱ्या रहाटाकडेच गेलो. गुहागरकडे सासुरवाडीच्या वाडीत एक चालू आहे. सकाळी सहाला गेलो, वीस मिनिटं घेतलं. घरी येऊन ऐकलं तर चक्क बैलगाडी. बायकोला डोळे मिटून ऐकवलं, ती म्हणाली, 'ट्रॅक्टर?' तिच्या माहेरचा रहाट तिने ओळखला नाही.

मग काकांची रीत. आमच्या देवघराच्या दाराची बिजागरी कुरकुरते. दुपारी वीज गेली होती तेव्हाच घेतली, कारण फ्रिज आणि पंखा दोन्ही गप्प, लॅपटॉप बॅटरीवर. (महावितरणचे प्रथमच आभार.) दहा सेकंद नुसती शांतताही घेतली, ती ऑडॅसिटीला घरघरीचा नमुना म्हणून दिली. मग रीपरमध्ये बिजागरी निम्म्या वेगावर, आणि पट्टी सांभाळायचा पर्याय बंद, म्हणजे वेगाबरोबर आवाजही बरोबर एक सप्तक खाली. दाराची कुई जाऊन लाकडाची कण्हणी आली. दोरासाठी सुंभाचा तुकडा खाटेच्या पायावर घासला. पाण्यासाठी पितळी बादली आणि न्हाणीघरातलं पिंप. खऱ्या रहाटातला फक्त शेवटचा ठक्क घेतला, बादली काठावर आपटते तो.

बायकोला पुन्हा डोळे मिटायला लावले. तीन सेकंदांत म्हणाली, 'अगं बाई, आमचा रहाट.'

एक प्रश्न. पाऊस चाळीस सेकंदांचा करून गोल फिरवतोय. रीपरमध्ये सलग आहे, पण एमपीथ्री काढून मोबाइलवर लावला तर दर चाळीस सेकंदांनी बारीक उचकी लागते.


काळी_पाच (मंगळवार, सकाळी ८.००)

एमपीथ्रीचा जन्मदोष. बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटतेच. वेव्ह फाइल काढा, उचकी जाईल. जागेची काळजी नको, एका मिनिटाला दहा एमबीच्या आसपास.

आणि सातवा रहाट वेगळा करा ना. कुणी ओढत नाहीये म्हणता, मग त्यातून दोराचा थर काढून टाका. नुसतं लाकूड आणि पाणी.


रहाटगाडगं (मंगळवार, सकाळी ८.२०)

काटा आला. करतो.


सोल्डर (मंगळवार, दुपारी ४.००)

साउंड भाड्याने देतो, सतरा वर्षं. दोन गोष्टी.

प्रयोगाच्या वेळी रीपरवरून वाजवू नका, ते बनवायचं सॉफ्टवेअर आहे. वाजवायला वेगळं घ्या, एक क्यू (आवाज सोडायची जागा), एक स्पेसबार. मॅक असेल तर क्यूलॅब, साध्या स्टिरिओ कामाला फुकट. तुमच्या विंडोजला मल्टीप्ले आहे, तेही फुकट. क्यूचे नंबर संहितेत लिहा तेच फाइलींना द्या, काकांचं बुटाचं खोकं समजा.

लॅपटॉपवर विंडोजचे सगळे आवाज बंद, वायफाय बंद, अपडेट पुढे ढकला. एका करुण प्रसंगात बॅटरी लो झाल्याचा टुंग मी अख्ख्या हॉलला ऐकवलाय. चार्जर लावल्यावर गुं आवाज आला तर चार्जर काढा, प्रयोग बॅटरीवर.


रहाटगाडगं (शनिवार, रात्री १२.४०)

तातडीचं. आज एका हॉलमध्ये रंगीत तालीम. रहाट उत्तम. पाऊस उत्तम. आजी बोलायला लागली आणि आजी नाही! म्हणजे आजी गेली, तिचा प्रतिध्वनी राहिला. लांबून कुठूनतरी अस्पष्ट घुमल्यासारखं येतंय, शब्द एकही नाही. हेडफोनवर स्वच्छ ऐकू येते. दिग्दर्शकाला वाटलं मी मुद्दाम केलं, म्हणाला, 'कल्पना बरी आहे पण संवाद कळू देत.' रीपर बिघडलं का? परवा प्रयोग आहे.


सोल्डर (शनिवार, रात्री १२.५२)

रीपर बिघडलेलं नाही. वायर सांगा. लॅपटॉपकडून मिक्सरला कशी गेली?


रहाटगाडगं (शनिवार, रात्री १२.५५)

लॅपटॉपला इपी पिन (हेडफोनची बारीक), दुसऱ्या टोकाला कॅनन (माइकची तीन टोकांची). हॉलवरच्या पोराने त्याच्या खोक्यातून काढून दिली.


सोल्डर (रविवार, पहाटे १.०४)

सापडला चोर.

लॅपटॉपच्या पिनेच्या टोकाला डावा आवाज असतो, मधल्या कड्याला उजवा. मिक्सरचं कॅनन इनपुट दोन तारांमधला फरक घेतं, कारण त्याने वायरीत शिरलेली घरघर मरते. तुम्ही त्याला डावा आणि उजवा दिलात, त्याने एकातून दुसरा वजा केला. जे दोन्हीकडे सारखं ते शून्य. आजीचा आवाज मधोमध आहे, म्हणजे दोन्हीकडे सारखा. गेला. रिव्हर्ब दोन्हीकडे वेगवेगळी असते, ती उरली. पाऊस स्टिरिओ रेकॉर्डरवरचा म्हणून वाचला.

उद्या बाजारातून इपी स्टिरिओ ते दोन मोनो फोनो पिनांची वायर घ्या, दीडशे-दोनशे रुपयांची. मिक्सरच्या दोन चॅनेलला दोन पिना. नाहीच मिळाली तर विंडोजच्या आवाजाच्या बॅलन्समध्ये उजवा शून्य करा, एकट्या डाव्यावर प्रयोग होईल.

अशी वायर खोक्यात ठेवणाऱ्याला काय म्हणावं ते धाग्यावर लिहीत नाही.


खारे_दाणे (रविवार, सकाळी ८.१०)

रात्री एक वाजता हे उत्तर. सोल्डरभाऊ, साष्टांग.


अनुस्वार (रविवार, सकाळी ९.००)

आजी वजा आजी बरोबर शून्य. यापुढे मी सॉफ्टवेअरवर वाद घालणार नाही. निदान या आठवड्यात.


रहाटगाडगं (बुधवार, सायंकाळी ७.१५)

प्रयोग झाला. वायर रविवारी दुपारी एकशे साठला मिळाली, आजी परत आली. सातवा रहाट, दोराशिवायचा, वाजला तेव्हा मी विंगेत पाठ करून बसलो होतो, स्पेसबारवर बोट, कुणाकडे पाहिलं नाही. हॉलमध्ये एक मूल रडलं. निकाल अजून लागायचाय.

साठावा दिवस यायचा होता, तरी काल रीपरचे पैसे भरले. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतो, तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागला. बँकेचा मार्कअप धरून पाच हजार तीनशेच्या घरात गेलं. खजिनदाराला 'मार्कअप' हा शब्द तीनदा समजावला. वायर, सुंभ आणि भज्यांचं बेसन धरून ग्रुपला पाचशेच्या आतबाहेर परत मिळाले. बेसनाची पावती त्याने मागितली.

खरा रहाट वाया गेला होता तो फ्रीसाउंडवर सीसी-झीरो म्हणून टाकलाय, वीसच्या वीस मिनिटं. कुणाच्या नाटकाला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर लागला तर घ्या. मागे एक कावळा आहे, तो निघत नाही.


कोडगा (बुधवार, सायंकाळी ७.४०)

कावळा किती मिनिटांनी येतो? मला कावळा हवाय.